शिबिराच्या तिसऱ्या दिवशी पोटं बिघडतात: दोष पाण्यात नेमका कुठे शोधायचा

पहिले दोन दिवस सगळं सुरळीत असतं. तिसऱ्या दिवशी पहाटे संडासाबाहेर रांग लागते. प्रभातफेरीला चार-पाच जण कमी भरतात, दुपारच्या बौद्धिकाला दोघं-तिघं भिंतीला टेकून बसलेले दिसतात आणि संध्याकाळपर्यंत आकडा नऊ-दहावर जातो. पाचव्या दिवसापर्यंत बहुतेक जण उठून कामाला लागतात. सातव्या दिवशी समारोपात आभाराची भाषणं होतात आणि वर्षभर हा विषय कुणी काढत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणून मी हे सलग तीन हिवाळे पाहिलं. ५० स्वयंसेवक, आम्ही दोन प्राध्यापक, आचारी आणि त्याचे दोन मदतनीस अशी पंचावन्न माणसं आठवडाभर सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्कामाला. योजना १९६९ पासून चालू आहे आणि अशी शिबिरं राज्यभर दरवर्षी भरतात, म्हणजे ही तिसऱ्या दिवसाची गोष्ट फक्त आमची नसणार. चौथ्या वर्षी ती घडली नाही. त्यासाठी काय शोधलं आणि आधीची तीन वर्षं कुठे चुकलो, ते इथे लिहितो. चुका जास्त सविस्तर लिहितो, कारण उपाय त्या चुकांमधूनच सापडला.

आधी घड्याळ बघा

पोट बिघडलं की पहिला हात आचाऱ्यावर पडतो. आमच्याकडेही पडला. पहिल्या वर्षी त्या बिचाऱ्याने उसळीच्या तर्रीवरून दिवसभर बोलणी खाल्ली. पण वेळेचा हिशेब मांडला असता तर तो त्याच दिवशी सुटला असता. अन्नात आधीच तयार झालेल्या विषाने त्रास झाला (ठेवलेला भात, दुधाचे पदार्थ, जखम झालेल्या हाताने मळलेली कणीक), तर जेवणानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि एका पंगतीतले बरेच जण एकदमच आडवे होतात. आमच्याकडे तसं नव्हतं. त्रास दीड दिवसात पसरत गेला, उलट्या कमी, जुलाब जास्त, काहींना ताप. जंतू पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला वेळ जातो: नोरोव्हायरसला साधारण १२ ते ४८ तास लागतात, शिगेलाला एक ते तीन दिवस, कॅम्पिलोबॅक्टरला दोन ते पाच. सोमवारी दुपारी पोहोचलेली मुलं बुधवारी रात्री आजारी पडतात, याचा अर्थ गडबड आल्याआल्या पोटात गेली. आल्याआल्या सगळ्यांनी केलं काय? नळाला तोंड लावलं.

अजून एक पाहायचं. ताप नाही, मुरडा नाही, नुसतं दिवसातून तीन-चार वेळा पातळ होतंय आणि तेही पहिल्याच दिवसापासून, तर जंतूंच्या आधी पाण्याच्या जडपणाचा विचार करा. मॅग्नेशियम आणि सल्फेट जास्त असलेल्या बोअरच्या पाण्याने नवख्या माणसाचं पोट ढिलं होतं, चार दिवसांत ते सवयीने बसतं. गावकरी म्हणतात, ‘आम्ही हेच पितो, आम्हाला काय होत नाही.’ ते अर्धं खरं असतं, आणि ते या कारणामुळेही असू शकतं. उरलेलं अर्धं असं की गावातही जुलाब होतात, फक्त ते कुणी मोजत नाही.

आणि जे शिबिरात दिसतच नाही ते सगळ्यात वाईट. टायफॉइडला बहुधा एक ते तीन आठवडे लागतात, दूषित पाण्यातून होणारी कावीळ दोन आठवड्यांपासून सात-आठ आठवड्यांपर्यंत कधीही डोकं वर काढते. तोवर मुलं घरी गेलेली असतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी या भागात गुलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हाही पाण्याकडेच बोट गेलं होतं आणि काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. आधी साधे जुलाब, मग आठवड्या-दोन आठवड्यांनी हातापायांतली ताकद जाणं. तेव्हा ‘दोन दिवस पोट बिघडलं, एवढं काय’ असं म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, फक्त हे उदाहरण सांगतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही जार आणले

आचारी बदलून झाला होता, म्हणून दुसऱ्या वर्षी पाणी विकत आणलं. तालुक्याच्या गावाहून रोज टेम्पोने निळे थंड जार यायचे. आजारी पडणाऱ्यांचा आकडा दहावरून आठ झाला, एवढाच फरक.

त्या जारला सील नव्हतं, परवाना क्रमांक नव्हता, भरल्याची तारीख नव्हती. सीलबंद बाटलीबंद पाणी अन्न सुरक्षा कायद्याखाली येतं, त्यावर परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो. लग्नकार्यात फिरणारे हे उघड्या बुचाचे थंड जार म्हणजे कुणीतरी गार करून दिलेलं पाणी, त्याला बाटलीबंद म्हणता येत नाही. बरं, आरओ यंत्रातून ते खरंच गाळलेलं असेल असं धरलं तरी दुसरी अडचण उरते. त्यात क्लोरीन शिल्लक नसतो. असं पाणी यंत्रातून बाहेर पडताना शुद्ध असतं आणि पुढे त्याला कुणी राखणदार नसतो. आमच्या इथे ते जार स्टीलच्या पिंपात ओतले जायचे, पिंपावर साखळीने बांधलेला एक पेला आणि त्या पेल्यासकट पाण्यात बुडणारी पंचावन्न जणांची बोटं. दुपारी शोषखड्डे खणून आलेली बोटं.

टीडीएस मीटरचंही इथेच सांगून टाकतो. एक उत्साही विद्यार्थी तो घेऊन आला होता आणि जारच्या पाण्याचा आकडा ६० आला म्हणून सगळे खूश. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतूंबद्दल तो आकडा एक अक्षर बोलत नाही. गटाराचं पाणी पावसात पातळ झालं तर त्याचाही टीडीएस छान येतो.

तिसऱ्या वर्षी भरपूर टीसीएल टाकली, आणि आकडा वाढला

हे मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्या वर्षी मी स्वतः ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामागे (गावाच्या पाण्यात क्लोरीन घालणारा माणूस) लागलो, टाकीत त्याच्या डोळ्यांदेखत जास्तीची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायला लावली, सकाळी शाळेच्या नळाला ओटी टेस्ट (रंगावरून क्लोरीन ओळखायची तपासणी) केली. परीक्षानळी पिवळी. क्लोरीन आहे! पाण्याला वासही उग्र येत होता. निश्चिंत झालो. आणि त्या वर्षी तेरा मुलं आजारी पडली.

दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

पहिली मुलांची. वास येतो म्हणून मुलांनी नळाचं पाणी सोडून दिलं आणि शाळेमागच्या ओढ्याकाठच्या हातपंपावर जायला लागली. थंडगार, गोड पाणी. तो हातपंप गुरांच्या गोठ्यापासून दहा-बारा पावलांवर, भोवतीचा सिमेंटचा ओटा फुटलेला, सांडलेलं पाणी त्याच भेगेतून परत खाली. शोषखड्डा, संडास, उकिरडा यांच्यापासून पिण्याच्या पाण्याचा स्रोत निदान १५ मीटर लांब हवा हे मी त्याच मुलांना आदल्या दिवशी बौद्धिकात सांगितलं होतं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि तहान लागल्यावर हातपंप हापसला. पाणी सुरक्षित करण्याच्या नादात ते पिण्यालायक ठेवलं नाही, तर माणूस वाईट पाणी शोधून पितो. क्लोरीन जास्त झाला की हे हमखास होतं.

दुसरी गोष्ट त्या पिवळ्या रंगाची.

ओटी टेस्ट: रंग कोणता यापेक्षा रंग कधी आला ते बघा

पद्धत तुम्हाला माहीत असेल. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात ऑर्थोटोल्युडिनचे थेंब, पिवळा रंग आला की क्लोरोस्कोपच्या पट्टीशी जुळवायचा. आमच्याकडे ते काम दोन मुलींना दिलं होतं. त्या नळावर थेंब टाकायच्या, नळी घेऊन व्हरांड्यात यायच्या, पट्टी शोधायच्या, वहीत तारीख घालायच्या आणि मग रंग वाचायच्या. तोवर चार-पाच मिनिटं गेलेली.

मोकळा क्लोरीन असेल तर रंग ताबडतोब येतो, दहा-पंधरा सेकंदांत. जो रंग सावकाश, मिनिटा-मिनिटाने गडद होत जातो तो मोकळ्या क्लोरीनचा नसतो. क्लोरीनने अमोनियाशी किंवा मलमूत्र-शेणातल्या नत्रयुक्त घाणीशी जोडी जमवली की संयुक्त क्लोरीन तयार होतो, तो ओटीला असा उशिरा रंग देतो. जंतू तोही मारतो, पण फार सावकाश, आपल्या अर्ध्या तासाच्या हिशेबात न बसणारा. म्हणजे आम्ही वहीत ‘०.५, ठीक’ असं जे लिहीत होतो, तिथे प्रत्यक्षात लिहायला हवं होतं: मोकळा क्लोरीन शून्य, आणि या पाण्यात कुठून तरी घाण येतेय.

वासाचंही तेच. उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन, असा माझा समज होता. पण तो नाकात झोंबणारा वास बऱ्याचदा या संयुगांचाच असतो. पोहण्याच्या तलावावर गर्दीच्या दिवशी जो वास जास्त येतो, तो हाच.

म्हणून आता नियम असा. थेंब टाकले की तिथेच, पांढऱ्या कागदासमोर नळी धरून, मनात दहा मोजून रंग वाचायचा आणि लिहायचा. मग तीच नळी पाच मिनिटांनी परत वाचायची आणि दुसऱ्या रकान्यात लिहायचं. दोन आकडे सारखे आणि शून्य नाहीत, तर पाणी बरं आहे. पहिला शून्य आणि दुसरा मोठा, तर पावडर वाढवू नका, आधी पाइपलाइन शोधा. तपासणीची द्रावणं हाताला लागू देऊ नका, ऑर्थोटोल्युडिन आरोग्याला घातक आहे. डीपीडी गोळ्यांचा गुलाबी रंग देणारा संच मिळाला तर तोच घ्या, मोकळा आणि एकूण क्लोरीन त्यात वेगळे कळतात.

किती हवा, याचा आकडा भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये आहे: पिणाऱ्यापर्यंत पोहोचताना मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान ०.५. त्याच मानकात १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये असं आहे. वाचताना ‘पिणाऱ्यापर्यंत पोहोचताना’ हे शब्द सगळे गाळतात. टाकीच्या तोंडाशी ०.५ आहे याला शिबिराच्या दृष्टीने काही अर्थ नाही.

पाइपाच्या बाजूने चालत जा

चौथ्या वर्षी शिबिराच्या तीन आठवडे आधी मी आणि जलसुरक्षक, दोघं ओटीचा डबा घेऊन टाकीपासून शाळेपर्यंत चालत आलो. जेमतेम सातशे मीटरचं अंतर. वाटेत पाच ठिकाणी थांबून नळ तपासले. टाकीखाली रंग लगेच, चांगला. देवळाजवळ लगेच, थोडा फिका. मारुतीच्या पारापुढच्या वळणानंतर पहिल्या घरात दहा सेकंदांत काहीच नाही आणि पाच मिनिटांनी पिवळा. त्या दोन नळांच्या मध्ये एक व्हॉल्व्हचा खड्डा होता, वर फरशी टाकलेली. फरशी उचलली. व्हॉल्व्ह गटाराच्या पाण्यात बुडालेला.

गावात पाणी सकाळी तासभर सुटतं. व्हॉल्व्ह बंद झाला की पाइप रिकामा होत जातो, खालच्या आळीतले नळ पाणी ओढत राहतात आणि वरच्या भागात पोकळी तयार होते. व्हॉल्व्हची पॅकिंग ढिली असेल, सांधा गळका असेल तर पाणी चालू असताना तिथून बाहेर येतं आणि बंद असताना बाहेरचं आत जातं. गळती दिसते म्हणून लोक पाणी वाया जातंय एवढंच म्हणतात. उरलेल्या तेवीस तासांचा विचार कुणी करत नाही.

आता यावर कळस पाहा. आत गेलेलं गटाराचं पाणी दुसऱ्या दिवशी नळ सुटल्या सुटल्या पहिल्या झोतात बाहेर येतं. आणि आमची शिस्तबद्ध मुलं पावणेसातलाच नळाशी रांग लावून पहिल्या झोताने पिण्याची पिंपं भरायची. नंतरचं स्वच्छ पाणी आंघोळीला.

व्हॉल्व्हची पॅकिंग आणि एक सांधा बदलायला ग्रामपंचायतीला एक दिवस लागला. खर्च आमच्या समारोपाच्या शालींपेक्षा कमी आला. खड्ड्याला कडेने विटांचा बांध घालून गटार बाजूला वळवण्याचं काम मात्र मुलांनी शिबिरात केलं. वनराई बंधाऱ्याइतकं ते फोटोत देखणं दिसत नाही. पहिली दहा मिनिटं येणारं पाणी आता झाडांना आणि संडासाच्या टाकीत जातं, पिण्याची टाकी त्यानंतर भरते.

पावडर: किती, कशी, आणि ती जिवंत आहे का

टीसीएल ताजी असताना तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. दमट खोलीत, तोंड उघड्या पोत्यात ती पडून राहिली की तो उडून जातो आणि उरतो चुना. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरायची नाही, असा आरोग्य विभागाचा दंडक आहे. तिचा नमुना पाण्याच्या नमुन्याबरोबरच तपासायला पाठवता येतो, पण हे करणारं शिबिर मी तरी पाहिलेलं नाही. पोत्यात गाठी झाल्या असतील, हाताला ओलसर लागत असेल, वास मंद असेल तर ती चुना समजा.

प्रमाण साधारण हजार लिटरला ५ ग्रॅम. हिशेब करून बघा: ५ ग्रॅमच्या ३३ टक्के म्हणजे १.६५ ग्रॅम, हजार लिटरमध्ये लिटरला १.६५ मिलिग्रॅम. पाण्यातली घाण त्यातला काही खाते, उरतो तो आपला. तीच पावडर १५ टक्क्यांवर आलेली असेल तर पडतात ०.७५, आणि शिल्लक बहुतेक वेळा शून्य. विहिरीतलं पाणी मोजायचं असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला ७८५ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं.

पावडर कोरडीच टाकीत फेकू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात लगदा करा, पाणी वाढवा, ढवळा, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या आणि वरचं निवळ टाका. खालचा चुना फेकून द्यायचा. नाका-तोंडाला रुमाल, हातात मोजे. संडास धुण्याच्या ॲसिडचा आणि या बादलीचा संबंध कधीही येऊ देऊ नका, विषारी वायू तयार होतो. टाकल्यावर निदान अर्धा तास थांबा, मगच प्यायला द्या. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळून घ्या. तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही. आणि क्लोरीन गढुळात वाया जातो, म्हणून क्रम उलटा करायचा नाही.

माझ्या अनुभवात दहापैकी आठ ठिकाणी ‘क्लोरीन टिकत नाही’ या तक्रारीचं मूळ एक तर मेलेल्या पावडरीत असतं, नाहीतर व्हॉल्व्हच्या खड्ड्यात.

शिबिराच्या आतली शेवटची दहा पावलं

पंचावन्न माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी दहा लिटर धरले तर रोज साडेपाचशे लिटर लागतात. आम्ही ५०० लिटरची झाकणाची प्लॅस्टिक टाकी दोन फूट उंच ओट्यावर सावलीत ठेवतो, तिला दोन तोट्या. सकाळी एकदा भरायची, स्वयंपाकासाठी लागलं तर दुपारी भर घालायची. उन्हात ठेवलेल्या टाकीतला क्लोरीन दुपारपर्यंत उडतो, हे पहिल्या दिवशीच मोजून बघितलं: सकाळी ०.५, तीन वाजता शून्य. सावलीत हलवल्यावर संध्याकाळी ०.३ राहिला.

पेला बंद. प्रत्येकाने आपली बाटली आणायची, तोटीखाली भरायची. स्वयंपाकघरात पिंप ठेवावंच लागतं, तिथे लांब दांड्याचं ओगराळं, आणि ते खिळ्याला टांगायचं. जमिनीवर ठेवलं की संपलं.

‘मग उकळूनच घ्या ना’ असं दरवर्षी कोणी तरी पालक म्हणतात. उकळी फुटून एक मिनिट राहिली की जंतूंचं काम होतं, त्यात वाद नाही. पण साडेपाचशे लिटर पाणी पंचवीस-तीस अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला, शेगडीवर निम्मी उष्णता वाया जाते असं धरून, रोज सात किलोच्या आसपास गॅस लागतो. म्हणजे घरगुती सिलिंडर दोन दिवसांत रिकामा. आणि उकळलेलं पाणी गार करून त्याच पिंपात ओतलं की पुन्हा राखणदाराशिवायचं पाणी. आजारी मुलांसाठी उकळा, बाकीच्यांना क्लोरीन द्या.

हातपंपाचं काय केलं? बंद करणं आपल्या हातात नाही, गावातल्या बायका तिथून वापरायचं पाणी भरतात. मी मुलांना एक प्रयोग करायला लावला. एच-टू-एसच्या दोन कुप्या (पाण्यात विष्ठेतले जंतू असले की पाणी काळं पडतं), एकीत हातपंपाचं पाणी, एकीत पिण्याच्या टाकीचं. डिसेंबरच्या थंडीत कुप्या अशाच खोलीत ठेवल्या तर दोन दिवस काही दिसत नाही आणि आपण फसतो, म्हणून कापडात गुंडाळून चुलीशेजारी उबेला ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हातपंपाची कुपी काळी कुळकुळीत. ती जेवणाच्या हॉलमध्ये खिडकीत ठेवली. भाषण केलं नाही. त्यानंतर हातपंपावर कुणी गेलं नाही, असं नाही म्हणणार. पण गेलेला एकटाच सापडला आणि मुलांनीच त्याला परत आणला. (खरं म्हणजे क्लोरीन असलेल्या पाण्यावर ही कुपी फसवी असते, क्लोरीन कुपीतले जंतूही मारतो. टाकीची कुपी स्वच्छ राहिली याचा पुरावा म्हणून उपयोग नाही, हे मी मुलांना सांगितलं. काळ्या कुपीचा पुरावा मात्र पक्का.)

कागदपत्रं: कुणाला, केव्हा विचारायचं

गावाला पिण्याचं पाणी पुरवणं हे ग्रामपंचायतीचं काम. क्लोरीन घालतो जलसुरक्षक, त्यावर लक्ष ठेवतो आरोग्यसेवक, साथ आली की जबाबदारी प्राथमिक आरोग्य केंद्राची आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची. महाविद्यालय या साखळीत कुठेच नाही, म्हणून विचारलं तरच कळतं.

गाव ठरवायच्या आधी एक प्रश्न विचारा: गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे? आरोग्य विभाग पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतो आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं आणि साथ नाही, तर चंदेरी. आम्ही तीन वर्षं राहिलो ते गाव पिवळं होतं. पंचायतीच्या कपाटात ते कार्ड होतं, आम्ही कधी विचारलं नव्हतं. लाल कार्डाच्या गावात काम करू नये असं माझं म्हणणं नाही, उलट तिथेच करावं, फक्त पाणी बरोबर घेऊन जावं.

दुसरं, प्रयोगशाळेचा अहवाल. जंतूंच्या तपासणीचा नमुना निर्जंतुक बाटलीत घ्यावा लागतो, क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी त्या बाटलीत क्लोरीन निकामी करणारं थायोसल्फेट घातलेलं असतं, ती बाटली खंगाळायची नाही. बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे. जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा हे करते, आरोग्य केंद्रामार्फत पाठवणं सोपं पडतं. जंतू वाढवून बघायलाच दोन दिवस जातात, अहवाल हातात यायला आणखी. सात दिवसांच्या शिबिरात तिसऱ्या दिवशी नमुना पाठवून काय मिळणार? नमुना तीन आठवडे आधी. जलजीवन मिशनखाली गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवलेलं असतं, त्या कोण आहेत ते विचारा. आमच्या गावात त्यातल्या एका ताईंना ही पाइपलाइन आमच्यापेक्षा जास्त माहीत होती. व्हॉल्व्हचा खड्डा कुठे आहे हे जलसुरक्षकाआधी त्यांनीच सांगितलं.

फ्लोराइड, नायट्रेट यांचे आकडे अहवालात येतील. फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर असेल तर गावासाठी ती गंभीर गोष्ट आहे, यवतमाळ-चंद्रपूरकडच्या लोकांना ती नव्याने सांगायला नको. पण सात दिवसांच्या पाहुण्याचं पोट त्याने बिघडत नाही. अहवाल पंचायतीला द्या आणि आपण जंतूंच्या रकान्याकडे बघा.

आणि तरीही कुणी आजारी पडलं तर

सगळ्यांचा पहिला वेडेपणा ठरलेला: टाकीत ओंजळभर टीसीएल. थांबा. आधी नमुना घ्या, टाकीचा, नळाचा, हातपंपाचा. एकदा पावडर पडली की काय चुकलं होतं ते कधीच कळत नाही; आमची दोन वर्षं अशीच गेली.

मग एक वही: नाव, त्रास कधी सुरू झाला (तारीख नव्हे, तास), उलटी की जुलाब, ताप, पाणी कुठलं प्यायलं, कुठल्या पंगतीला काय खाल्लं. जे आजारी नाहीत त्यांनाही हेच विचारा, त्यांच्याशिवाय तुलना होत नाही. तिसऱ्या वर्षीची वही मी नंतर उघडून बसलो तेव्हा तेरापैकी अकरा जणांनी हातपंप लिहिला होता, आणि बरे राहिलेल्यांत हातपंपवाले फक्त चार. कागदावर उत्तर तेव्हाच पडलेलं होतं.

ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच, पाकिटातली पावडर थोडी-थोडी पेल्यात काढून नाही. रक्त पडत असेल, भाताच्या पेजेसारखे जुलाब होत असतील, उलटी थांबत नसेल, लघवी बंद झाली असेल तर गाडी काढा, समारोपाची वाट बघू नका. दोनपेक्षा जास्त जण एकदम आजारी पडले की आरोग्य केंद्राला फोन करायचा. शिबिराचं नाव खराब होईल म्हणून तो टाळणारे कार्यक्रम अधिकारी मी पाहिलेत, पहिल्या वर्षी मीही त्यातलाच होतो. आजारी मुलांना स्वयंपाकाच्या आणि वाढपाच्या गटातून बरं वाटल्यावरही दोन दिवस बाहेर ठेवा आणि संडासाजवळ साबण संपला की नाही ते दिवसातून दोनदा स्वतः जाऊन बघा, कारण काही साथी पाण्याने सुरू होतात आणि हातांनी चालू राहतात.

उरलेली टीसीएल पुढच्या वर्षासाठी कॉलेजच्या स्टोअरमध्ये ठेवू नका. शेवटच्या दिवशी पंचायतीला देऊन टाका आणि त्याच आठवड्यात वापरायला सांगा.